१९९७ चा 'गोल्डनआय ००७' हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आज पहिल्यांदा खेळला तर आवडेल का?

हो, आवडेल, पण कंट्रोल्सची सवय व्हायला एक-दोन संध्याकाळी द्याव्या लागतील. मी तो निन्टेंडो ६४ या मूळ कन्सोलवर आणि २०२३ मध्ये निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलवर आल्यावर पुन्हा, असा दोनदा पूर्ण केला आहे. १९९५ च्या बाँडपटावरचा हा गेम रेअर कंपनीने चित्रपटानंतर दोन वर्षांनी आणला आणि ती सवड कारणी लागलेली दिसते. खरी ताकद मोहिमांच्या रचनेत आहे. काठिण्य वाढवलं की नुसते शत्रू चिवट होत नाहीत, कामंही वाढतात: धरणाच्या पहिल्याच मोहिमेत 'एजंट' या सर्वात सोप्या पातळीवर फक्त उडी मारायची असते, वर गेलं की अलार्मही निकामी करावे लागतात. त्यामुळे तीच जागा नव्याने शिकावी लागते. शिवाय एका टीव्हीवर चौघांची लढत, तिची मजा अजून तशीच आहे.

कच्च्या बाजू:
- मूळ कन्सोलवर स्फोट झाले की चित्र अडखळतं.
- मूळ गेममध्ये मोहिमेच्या मध्ये सेव्ह नाही. 'कंट्रोल' नावाच्या मोहिमेत बाँडची साथीदार नताल्या मेली की सगळं पहिल्यापासून, आणि ते खरंच जिवावर येतं.

ऑनलाइन लढत हवी असेल तर स्विचच घ्या. एक्सबॉक्सच्या आवृत्तीत ती नाही.