घर नाशिकात, खोलीही नाशिकातच

समुपदेशनाला येणारी अनेक जोडपी एकच शंका वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. राहतं घर असताना त्याच गावात हॉटेलची खोली घ्यायची, हे बरं दिसतं का? आणि एवढे पैसे घालून भांडतच परत आलो तर? पुढची हकीकत अशाच एका जोडप्याची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, अडचणी बदललेल्या नाहीत.

नवरा चाकणच्या कारखान्यात, शिफ्टची नोकरी. बायको नाशिकमध्ये एका पतसंस्थेत. तिथल्याच सिडको वसाहतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी. तो पंधरा दिवसांनी येतो. शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या कोंडीतून बाहेर पडून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत नाशिकच्या द्वारका चौकात उतरेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात, आणि रविवारी संध्याकाळी परतीची बस. मधल्या वेळात मुलगी दोघांच्या मध्ये झोपते आणि भिंतीपलीकडे सासऱ्यांचा खोकला ऐकू येतो. लग्नाला आठ वर्षं झाली आहेत. दोघांत दुरावा आला होता असं म्हणता येणार नाही. त्यांना एकमेकांशी बोलायला जागा नव्हती, इतकंच.

त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. ॲपवर मुंबई नाक्याजवळची १,४०० रुपयांची खोली ‘कपल फ्रेंडली’ लिहिलेली दिसली. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, अशा स्वस्त दरात पैसे आधीच भरले. काउंटरवर दोघांनी आधार कार्ड दिली, दोन्हींवर सिडकोचा पत्ता. ‘लोकल आयडी चालत नाही,’ काउंटरवरचा माणूस चार लोकांत मोठ्याने म्हणाला. बॅग घेऊन दोघं स्कूटरवरून घरी परतले. रस्त्यात ती म्हणाली, “तुला साधं हॉटेल बघता येत नाही.” तो म्हणाला, “घाई तुलाच होती.” त्यानंतर दोन आठवडे फोनवर बोलणं झालं ते फक्त मुलीच्या शाळेचं.

बैठकीत आम्ही आधी हा अपमान बाजूला काढला, कारण तो दोघांपैकी कुणाच्याही वागण्यातून आलेला नव्हता. स्थानिक पत्त्याच्या माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. तो त्या त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो. हॉटेलला प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घेऊन नोंद ठेवावी लागते आणि पोलीस ती तपासू शकतात. गावातलं जोडपं आलं की मागून नातेवाईक येतील, काउंटरवर तमाशा होईल, अशी धास्ती मॅनेजरला असते. म्हणून छोटी हॉटेलं सरसकट नकार देऊन मोकळी होतात. ‘कपल फ्रेंडली’चा अर्थ बहुधा एवढाच, की अविवाहित जोडप्यालाही खोली मिळते. स्थानिक ओळखपत्र चालतं का, ही ‘हॉटेलचे नियम’ या सदरात खाली बारीक अक्षरात असलेली वेगळी ओळ आहे. लग्नाचा दाखला दाखवण्याची सक्तीही कायद्यात कुठे नाही. सज्ञान अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. पण हे सगळं काउंटरवर वाद घालून उपयोगी पडत नाही. तिथे उभं राहिल्यावर वेळही जातो आणि मनही खट्टू होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करायचा आणि मग व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवायची: ‘आम्ही पती-पत्नी, दोघांच्या आधारवर नाशिकचा पत्ता आहे, या तारखांना खोली मिळेल ना?’ लेखी ‘हो’ आल्याशिवाय बुकिंग नाही. उत्तर टाळलं किंवा ‘या, बघू’ म्हटलं, तर तो नकारच समजायचा.

मग दोघांना दोन कोरे कागद दिले. एकमेकांचं न बघता, या सुट्टीतून मला काय हवंय ते तीन ओळींत लिहायला सांगितलं. तिच्या कागदावर होतं: सकाळी कुणी हाक मारू नये, स्वयंपाक नको, मुलीला ताप आला तर लगेच पोहोचता यावं. त्याच्या कागदावर होतं: बाहेर फिरायचं, सुला वायनरी बघायची, त्र्यंबकला जाऊन यायचं, चांगलं मटण खायचं. तिला झोप हवी होती आणि त्याला भटकंती. एकच हॉटेल निवडताना दोघं दोन वेगळ्या सुट्ट्या शोधत होते आणि हे कुणीच बोललं नव्हतं. इथेच बहुतेक लाँग वीकेंड बिघडतात. थकलेल्या माणसाला खोलीतली प्रत्येक खोट जोडीदाराची चूक वाटते, मग गरम पाणी नसण्याचा राग ज्याने बुकिंग केलं त्याच्यावर निघतो.

तिच्या तिसऱ्या ओळीने गाव ठरवलं. महाबळेश्वर नको, मुंबईही नको. घरापासून अर्ध्या तासात पोहोचता येईल असंच ठिकाण हवं, म्हणजे नाशिकच.

तारीख २६ जानेवारीच्या जोडसुट्टीची होती, शनिवार ते सोमवार. त्याचा पहिला बेत शुक्रवार रात्रीपासून तीन रात्रींचा. हिशेब मांडल्यावर दिसलं, की शुक्रवारची खोली म्हणजे रात्री साडेबाराला जाऊन फक्त झोपण्याचे पैसे. त्याऐवजी शुक्रवारी घरीच झोपायचं, शनिवारची सकाळ मुलीसोबत घालवायची, तिला जेवू घालून निघायचं. शनिवारी दुपारी २ ला चेक-इन, सोमवारी सकाळी ११ ला चेकआउट. दोन रात्रींच्या पैशांत पंचेचाळीस तास मिळतात. जुन्या लॉजमध्ये ‘२४ तास चेकआउट’ची पद्धत असते, म्हणजे ज्या वेळी शिरलात त्याच वेळी दिवस संपतो. रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांना ती फायद्याची. नव्या हॉटेलात ती क्वचितच मिळते, तिथे लवकर आलात तर अर्ध्या दिवसाचं भाडं मागतात.

भाग ठरवताना प्रत्येक भागाची गैरसोय आधी बघायची. पंचवटीत रामकुंडाजवळ खोल्या स्वस्त मिळतात, संध्याकाळची गोदाआरती पायी गाठता येते, पण पहाटेपासून घंटा, भाविकांचे जथे आणि गाडी लावायची पंचाईत. सकाळी उशिरापर्यंत झोपायचं असेल तर तो भाग नकोच. मुंबई नाका ते द्वारका हा पट्टा बसने येणाऱ्यांना सोयीचा, मात्र महामार्गाकडच्या खोलीत रात्रभर ट्रकचे हॉर्न. तिथे घ्यायचीच तर मागच्या बाजूची मागावी. नाशिकरोड रेल्वेसाठी ठीक, पण शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटर लांब. कॉलेज रोडला खाण्यापिण्याची चैन आहे, मात्र तिथे पतसंस्थेतलं कुणीतरी भेटणार याची तिला खात्री होती आणि तिची ही भीती आम्ही खोडून काढली नाही. गंगापूर धरणाच्या बाजूची रिसॉर्ट शांत दिसतात, पण जोडसुट्टीला मुंबईची मोठी टोळकी तिथेच उतरतात, तरणतलावाशेजारी गाणी लागतात, आणि स्वतःची गाडी नसेल तर रात्री रिक्षा मिळत नाही. शेवटी गंगापूर रोडचा सोमेश्वरकडचा भाग ठरला. सिडकोहून अर्ध्या तासाच्या आत आणि संध्याकाळी दोघांना पायी फिरता येईल असा.

खोलीची चौकशी त्यांनी फोनवर केली. हे काम तिने करायचं आणि त्याने शेजारी बसून टिपायचं, असं मुद्दाम ठरवलं. बुकिंग एकट्याने केलं की जबाबदारीही एकट्यावर पडते. पहिला प्रश्न पलंगाचा: गादी एकच आहे की दोन सिंगल पलंग जोडलेत? जोडलेले पलंग मधून सरकतात, आणि अनेक महिन्यांनी एकत्र आलेल्या जोडप्याला ती फट जास्तच बोचते. दुसरा बाथरूमचा: भिंत आहे की काच? नव्या हॉटेलांत बाथरूमला काचेची भिंत असते आणि पडदा असेलच असं नाही. यातला संकोच लोक बोलून दाखवत नाहीत, पण दोन दिवस तो सुटतही नाही. तिसरा गरम पाण्याचा. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो आणि सोलरचं पाणी पहाटे कोमट येतं. म्हणून ‘चोवीस तास गरम पाणी आहे का’ एवढंच न विचारता ‘खोलीत गिझर आहे का’ असं विचारावं. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नको, त्यातून कुजबुजही ऐकू येते. लिफ्टलगतची, स्वयंपाकघराच्या वरची आणि जनरेटरच्या बाजूची खोलीही नको.

आणि लॉन! नाशिकमध्ये हॉटेल आणि लग्नाचं लॉन एकाच आवारात असणं नेहमीचं. ‘त्या दोन रात्री तुमच्याकडे किंवा शेजारी कार्य आहे का?’ हे विचारलंच पाहिजे. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण वऱ्हाडाच्या गाड्या, भांडी आणि जनरेटर यांना ती लागू नाही. एका हॉटेलने प्रामाणिकपणे सांगितलं, रविवारी रिसेप्शन आहे. ते लगेच यादीतून गेलं.

परीक्षणं वाचताना गेल्या तीन महिन्यांतली आणि कमी ताऱ्यांची आधी वाचावीत. त्यांत आवाज, वास, पाणी, लिफ्ट हे शब्द पुन्हा पुन्हा येतात का ते पाहावं. फोटोंवर विसंबू नये. मिळणार असलेल्या खोलीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागावा, चांगली हॉटेलं पाठवतात.

पैशांचा आकडा बारा हजार ठरला होता, खाण्याफिरण्यासकट. ॲपवर दर ४,२०० दिसत होता. थेट फोन केल्यावर त्याच दरात नाश्ता मिळाला आणि ४८ तास आधीपर्यंत रद्द करण्याची मुभाही. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. थोडी महागडी खोली घ्यायच्या मोहात पडणाऱ्यांनी हा उंबरठा लक्षात ठेवावा. महागड्या हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावरही सहसा १८ टक्केच लागतात. या दोघांचे दोन रात्रींचे ८,८२० झाले. उरलेल्या तीन हजारांत जेवण, रिक्षा आणि रविवारची मिसळ.

मिसळीवरून एक गंमतशीर पेच निघाला. त्याला रविवारी मिसळ खायचीच होती, मग नाश्ता फुकट गेला असता. हॉटेलची भाषा इथे उपयोगी पडते: ‘ईपी’ म्हणजे फक्त खोली, ‘सीपी’ म्हणजे नाश्त्यासह, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. फिरायचा बेत असलेल्यांनी एमएपी घेऊ नये, जेवणासाठी हॉटेलात परत यावं लागतं. यांना नाश्ता त्याच दरात मिळत होता म्हणून सीपी ठेवलं, पण वेळ विचारून घेतली. साडेदहापर्यंत नाश्ता असेल तरच तिची झोप आणि नाश्ता दोन्ही होणार होतं.

रविवारची सकाळ मोकळी ठेवली: ती झोपेल, तो मिसळीच्या रांगेत उभा राहील, आणि दोघांनीही रुसायचं नाही. त्र्यंबक रद्द केलं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, त्यात सुट्टीची दर्शनाची रांग, म्हणजे सगळा दिवस गेला असता. सुलाला जायचं तर रविवारीच, कारण २६ जानेवारी ड्राय डे असतो. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही तेच. जोडसुट्टीला द्राक्षमळ्यात वाइन चाखायच्या बेताने येणाऱ्या किती जणांच्या हे लक्षात नसतं!

राहिलं घरी सांगणं. आपापल्या आईवडिलांना आपणच सांगायचं, हा आमचा साधा नियम. सुनेने सासूला सांगितलं की ती मागणी वाटते, मुलाने सांगितलं की निर्णय वाटतो. खोटं कारण सांगायचं नाही, एकाच गावात ते टिकत नाही. त्याने तयार केलेलं वाक्य असं: “आई, शनिवार-रविवार आम्ही दोघं बाहेर राहणार आहोत, गंगापूर रोडला. सोमवारी दुपारी जेवायला येतो. काही लागलं तर अर्ध्या तासात पोहोचू.” सासूबाई म्हणाल्या, “घर काय वाईट आहे?” त्याने उत्तर पाठ केलं होतं: “घर छान आहे, पण आम्हाला दोघांना बोलायचंय.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग मुलीच्या डब्याचं विचारू लागल्या. मुलीला रोज संध्याकाळी सातला फोन करायचा ठरला. डॉक्टरांचा नंबर आणि तापाच्या औषधाचं प्रमाण कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. इतक्या महिन्यांनी एकांत मिळाला की पहिले काही तास अवघडलेले जातात. टीव्ही लावला जातो, उगाच बॅग आवरली जाते. त्याला नातं संपल्याची खूण समजू नका. पहिल्याच रात्री सगळं पूर्वीसारखं व्हायला हवं, ही अपेक्षा शरीरावर ओझं टाकते. शनिवारी संध्याकाळी फक्त चालायला जा.

पुढच्या बैठकीत त्यांनी जे सांगितलं ते असं. शनिवारी चालता चालता घराच्या कर्जावरून तासभर वाद झाला, पण आवाज न दबवता. रविवारी ती दहाला उठली आणि नाश्त्याला शेवटची पोहोचली. सुलाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग पाहून ते माघारी आले आणि मटणाची थाळी खाल्ली. रविवारी रात्री तिने पहिल्यांदा सांगितलं, की तिला चाकणला राहायला यायचं नाही, नोकरी सोडायची नाही. त्याने कळवळून विचारलं, मग मी किती वर्षं असा येत राहू? या प्रश्नावर आता बैठका चालू आहेत. त्याने नाशिकमधल्याच अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत अर्ज टाकायला सुरुवात केली आहे. दर तीन महिन्यांनी अशा दोन रात्रींसाठी महिन्याला चार हजार वेगळे ठेवायचे, हे दोघांनी मिळून ठरवलं. मे महिन्याची खोली मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच घ्या, असं आम्ही सुचवलं आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणलेले असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी हॉटेलला ‘सिडकोहून यायला सध्या कुठला रस्ता उघडा आहे’ हेही विचारून घ्या.