उलटीनंतर पाणीही टिकत नाही

प्रश्न : पावसाळ्यात मुलाला उलट्या-जुलाब झाले की प्यायलेलं पाणीही उलटून पडतं. घरी काय द्यावं? – एक आई, नेरूळ

उत्तर : पेलाभर पाणी एकदम दिलं की पोट ताणलं जातं आणि पुन्हा उलटी होते. म्हणून उलटीनंतर १० मिनिटं थांबा, मग दर २-३ मिनिटांनी एकच चमचा जलसंजीवनी पाजा. ती घरी अशी करा : उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ अंदाजाने मुळीच टाकू नका, जास्त झालं तर घातक. साखर वाढली तर जुलाब वाढतात. ओआरएसचं (तयार जलसंजीवनी पावडरचं) पाकीट मिळालं तर तेच उत्तम. २४ तासांनी उरलेली जलसंजीवनी ओतून टाका. भूक लागली की मऊ भात द्या. सहा तास लघवी नाही, मूल मलूल, उलटी हिरवी किंवा रक्ताची, तर लगेच रुग्णालयात न्या.