गाडीखालून : ‘उभी केली तेव्हा चालू होती’

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही कोलंबसजवळ राहतो. माझ्या नवऱ्याला एका शेतावर १९७२ सालची स्कूल बस सापडली आहे. इंटरनॅशनल लोडस्टारची चेसिस, वेनची बॉडी, पेट्रोलचं व्ही-३४५ इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर. मालक साडेचार हजार डॉलर मागतोय. म्हणतो, सहा वर्षांपूर्वी उभी केली तेव्हा चालू होती. आत झोपायची सोय आणि छोटा ओटा करून पुढच्या उन्हाळ्यात यलोस्टोनला जायचं आमच्या मनात आहे. मुलगी चार वर्षांची आहे, नवरा सहा फूट एक इंच. बघायला जाऊ तेव्हा नेमकं काय बघू? मला गाड्यांतलं काही कळत नाही आणि आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. (एक वाचक, ओहायो)

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं. फार दाद मिळाली.

‘उभी केली तेव्हा चालू होती’ हे तर सगळेच म्हणतात. माणूससुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत चालूच असतो. पण इंजिनाची काळजी तूर्त बाजूला ठेवा. दापोडीला एस.टी.च्या कार्यशाळेत बॉडीवर अकरा वर्षं काढली, मग इकडे एका शाळा-जिल्ह्याच्या बस गॅरेजात एकोणीस. तेवढ्या काळात इंजिन उतरवून दुसरं चढवलेल्या गाड्या शेकड्याने पाहिल्या. सांगाडा कुजलेली गाडी कुणी परत उभी केलेली पाहिली नाही. म्हणून नवरोबा बोनेट उघडायला धावले की तुम्ही उलट्या दिशेने, मागच्या दाराकडे जा.

सोबत तीन वस्तू न्या : चपला शिवायचा टोच्या, छोटी हातोडी आणि चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक. शिवाय जमिनीवर टाकायला एक जुनी चादर, कारण खाली आडवं पडल्याशिवाय ही बस कळणार नाही.

या बसगाड्यांची जमीन तीन थरांची असते. खाली पोलादी पत्रा, त्यावर प्लायवूड, त्यावर काळं रबर. खिडकीच्या रबरातून झिरपलेलं पाणी आणि हीटरच्या नळीतून गळलेलं कूलंट प्लायवूडमध्ये मुरतं आणि तिथेच बसून राहतं. पत्रा वरून सडतो. खालून ओहायोच्या रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठ तोच पत्रा खातं. मध्ये शिल्लक काय राहिलं ते टोच्या सांगतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका जोडप्याबरोबर मी अशीच बस बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने आत करकरीत नवं व्हिनाइल अंथरलं होतं, लाकडाच्या नक्षीचं. बाई हरखल्या. मागच्या चाकाच्या कमानीपाशी मी त्याचा कोपरा उचलला आणि टोच्या टेकवला. दाबावा लागलाच नाही, ढोकळ्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर भोकातून उजेड दिसला. वाकून पाहिलं, खाली गवत होतं. विकणारा म्हणाला, तेवढंच एक भोक आहे. पुढची दहा मिनिटं मी तेवढंच एक भोक अकरा ठिकाणी दाखवलं.

टोच्या चार ठिकाणी हमखास टेकवा. चाकांच्या कमानींभोवती, चढायच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यात, मागच्या दाराच्या उंबऱ्याखाली आणि बॅटरीच्या खणाजवळ. मग चादर टाकून खाली जा. शाबूत पत्र्यावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो. सडक्या पत्र्यावर नुसतं ठप्प होतं आणि तोंडावर तपकिरी पापुद्रे पडतात, म्हणून चष्मा लावा. वरवरचा गंज चालतो, पन्नास वर्षांच्या पत्र्याला तो असणारच. चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांवर, खास करून पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगांचे) हँगर जिथे बसवलेत तिथे, चीर किंवा नंतर मारलेला वेल्डिंगचा टाका दिसला तर मात्र चादर घडी करा आणि घरी या.

लोहचुंबक बाहेरच्या बाजूला फिरवा. पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. खिडक्यांखालच्या पट्टीत ते कुठे सुटतंय ते बघा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. अमेरिकेतही आपल्या एस.टी.सारखी चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची असायची. तुमची वेनची बॉडी रिचमंड, इंडियानाची, म्हणजे तुमच्या राज्याच्या सीमेला लागूनच बांधलेली. १९७२ साल मात्र जरा आड आलं. पुढच्याच वर्षी वेनने लाइफगार्ड नावाची बॉडी आणली. तिच्यात बसभर लांबीचे पत्रे वापरून सांधेच कमी केले होते. आणि १ एप्रिल १९७७ पासून सरकारी नियम आले. गाडी उलटली तर छत किती दबावं, पत्र्यांचे सांधे किती ताण सोसतील, सीट कशा असाव्यात, सगळं ठरलं. सांध्याची ताकद जोडलेल्या पत्र्यांपैकी कमकुवत पत्र्याच्या निदान साठ टक्के हवी, असा दंडक आहे. नव्या बसच्या सांध्यांवर रिव्हेटांची दाट रांग दिसते ती त्यामुळे. तुमच्या बसच्या एका सांध्यावरचे रिव्हेट मोजा, मग जवळच्या शाळेबाहेर उभ्या असलेल्या बसचे मोजा. फरक तुम्हालाच दिसेल. लेकीला घेऊन हजारो मैल जायचं असेल तर हा फरक नवऱ्यालाही मोजायला लावा.

उंचीचं म्हणाल तर टेप घेऊन जा आणि आत मधोमध मोजा. जुन्या बसमध्ये सहा फुटांच्या आसपास जागा मिळते. त्यातून जमिनीवर इन्सुलेशन आणि नवं प्लायवूड मिळून दीड इंच गेला, छताला आतून काही लावलंत की आणखी एक. सहा फूट एक इंचाचा माणूस त्यात रोज मान वाकवून चहा करणार. छत कापून उंच करतात लोक, पण १९७७ च्या आधीच्या बॉडीवर मी तो उद्योग सुचवणार नाही.

टायरबद्दल आपल्याकडच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला सांगायला लागणार नाही. त्या काळच्या बसला ९.००-२० चे ट्यूबवाले टायर असायचे आणि चाकाच्या लोखंडी डिस्कला कडेने सुटी रिंग. हवा भरताना ती रिंग नीट बसली नाही तर तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. आपल्याकडे हवा भरताना माणसं चाकासमोर उभी राहत नाहीत ती याच भीतीने. इथे अशा चाकाचं काम, हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा आणि प्रशिक्षण असल्याशिवाय करता येत नाही, म्हणून बरीच दुकानं हातच लावत नाहीत. रिंगवाली चाकं निघाली तर १०आर२२.५ च्या ट्यूबलेस डिस्क आणि टायर, सहाच्या सहा, घ्यावे लागतील. अडीच-तीन हजार डॉलरच्या खाली हा हिशेब मला कधी बसलेला नाही. टायरची नक्षी चांगली दिसली तरी भुलू नका. रबराचं वय बाजूला कोरलेलं असतं. डी.ओ.टी. या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्यावर बस हलवूसुद्धा नका.

आता इंजिन, नाहीतर नवरोबा रुसतील. व्ही-३४५ दणकट आहे, ट्रकसाठीच बनलेलं. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर हेड गॅस्केट गेलं समजा. सहा वर्षांचं जुनं पेट्रोल टाकीत असेल तर त्यावर चालू करू देऊ नका. कॅनमधून ताजं पेट्रोल थेट पंपाला द्या आणि जुन्या रबरी नळ्यांवर नजर ठेवा, आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने त्या विरघळतात आणि गळती एक्झॉस्टवर होते. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडे एकमेकांजवळ असले म्हणजे झालं. सुरू झाल्यावर क्षणभर निळा धूर आला तर चालेल, येतच राहिला तर नाही.

ब्रेक बहुधा हायड्रॉलिक, व्हॅक्यूम बूस्टरचे असतील. मास्टर सिलिंडरला ऑइलचा खण एक आहे की दोन ते बघा. एकच असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पाइप गंजलेले असणारच, ते सगळे नवे टाकायचा खर्च धरूनच चला. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. टकटक लागली तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यांवर वळतं त्या पिना, झिजल्यात.

यलोस्टोनचा हिशेब मी करून ठेवलाय. ही गाडी गॅलनला सहा मैल दिली तर नशीब. तुमच्याकडून एका बाजूचे सुमारे सतराशे मैल, म्हणजे जाताना पावणेतीनशे-तीनशे गॅलन. वेग पन्नास-पंचावन्न मैल, मागून हॉर्न.

रंगाचंही ऐका. तो पिवळा १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या बैठकीत ठरला आणि पुढे कित्येक वर्षं त्यात शिसं होतं. बऱ्याच राज्यांत शाळेची नसलेली बस त्या रंगात चालवता येत नाही, तेव्हा रंग काढावाच लागणार. पण कोरड्या सँडरने घासू नका आणि लेकीला आसपास फिरकू देऊ नका.

कागद शेवटी सांगतोय, पण फोन सगळ्यात आधी करा. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर आहे का? चेसिसवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का? ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर लागते, म्हणून ‘सही करून ठेवलीय’ असला कागद घेऊ नका. आणि विमा कंपनीला पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही. घरी रूपांतर केलेली बस म्हटल्यावर अर्ध्या कंपन्या फोन ठेवतात.

माझं मत विचाराल तर फिरतं घर म्हणून नको. नवऱ्याचा जीवच जडला असेल आणि टोच्या कुठेही आत गेला नाही, तर दोन हजारांपर्यंत घ्या, जवळपासच्या तळ्यांवर चार शनिवार-रविवार न्या. यलोस्टोनसाठी नव्वदीतली डीटी४६६ इंजिनाची डिझेल बस शोधा. तिचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, इंजिन गाडीतून न उतरवताही बदलता येतात.

निघायच्या आदल्या दिवशी मालकाला एकच निरोप द्या : आम्ही येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर तळवा ठेवा. ते कोमट लागलं तर गार इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं, एवढं कळलं.

प्रश्न : टेक्ससमध्ये एका शाळेच्या लिलावात १९९६ ची बस आहे, एअर ब्रेकची. बघायला अर्धाच तास मिळणार आहे. ब्रेक कसे तपासू? (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर : पाच-सात मिनिटांत होतं. आधी चाकांखाली लाकडी ठोकळे लावा, जमीन सपाट हवी. इंजिन चालू करून हवा भरू द्या, काटा १२० पौंडांच्या आसपास थांबतो. इंजिन बंद करा, चावी चालूच ठेवा आणि पार्किंग ब्रेकचं बटण आत दाबून ब्रेक सोडा. आता मिनिटभर काट्याकडे बघत राहा. दोन पौंडांपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. मग पेडल दाबून धरा आणि आणखी एक मिनिट, आता तीन पौंडांपर्यंत चालतं. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी बसभोवती फिरवा, फुसफुस कानाला लागते.

नंतर पेडल पुन्हा पुन्हा मारून हवा उतरवा. साठच्या आसपास बझर ओरडला पाहिजे. तरीही मारत राहा. काटा चाळीस ते वीसच्या दरम्यान आला की पार्किंगचं बटण आपसूक खटकन बाहेर यायला हवं. बझर गप्प राहिला तर वायर किंवा स्विच, स्वस्तात होतं. बटण वीसच्या खाली जाऊनही आतच राहिलं, तर त्या बसवर बोली लावू नका.