निवृत्तीनंतर कॅम्पर व्हॅनने फिरताना रात्री थांबायचं कुठे?

तुम्ही विचारलंय की आई-वडील निवृत्त झालेत, वडील व्हॅनमध्येच बिछाना-ओटा करून दोघांनी हिंडायचं म्हणतायत, तर रात्री ते थांबणार कुठे आणि रोजचं भागणार कसं. आम्ही दोघं इंदूरहून असेच फिरतो. गाडी ट्रॅव्हलर, आमच्या शेजारी पीथमपूरलाच बनते ती.

रात्रीची जागा दुपारी चारलाच ठरवायची. अंधार पडल्यावर शोधत बसलात की मिळेल ती घ्यावी लागते. नदीकाठ, माळरान फोटोत झकास दिसतं, पण झोपायला मला तिथे आवडत नाही. जिथे रात्रभर कुणीतरी जागं असतं आणि ज्याला विचारून आपण थांबलोय, ती जागा चांगली. हायवेवर म्हणजे पेट्रोलपंप, त्यातही तेल कंपनी स्वतः चालवते तो, ट्रकवाले त्याला ‘कोको’ म्हणतात. दिवे असतात, संडास असतो, पाणी भरून घेता येतं. आधी डिझेल टाकायचं, मग विचारायचं, “भिया, रात को गाड़ी इधर लगा लें?” पांढरे केस आणि सोबत बायको दिसली की सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त ट्रकांच्या रांगेत घुसू नका. थंड माल नेणाऱ्या ट्रकचं कूलिंग रात्रभर घुरघुरतं.

तीर्थाच्या गावी धर्मशाळा. ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे. अशा ठिकाणी आम्ही सरळ खोली घेतो, कपडे धुतो. आमच्या हिचं म्हणणं, “अहो, मधूनमधून चार भिंतींतली आंघोळ हवीच.” श्रावणी सोमवार आणि अमावस्या मात्र तिथे टाळा.

आता उन्हाळा. नोकरी वीज मंडळात झाली, म्हणून हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट. 30 वॅटचा पंखा आठ तास चालला तर पाव युनिट जातं, छोटा फ्रिज दिवसभरात अर्धं युनिट खातो, आणि हिचं इन्सुलिन असल्यामुळे फ्रिज बंद ठेवून चालत नाही. यात एसी बसत नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचा विचार तर करूच नका, धूर आत आला तर जीवावर बेतेल. म्हणून आम्ही रात्री उंचावर जातो. महेश्वरचा घाट, अहिल्याबाईंचा वाडा सकाळी पाहून घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत मांडूला चढायचं. अंतर 40 किलोमीटरच्या आसपास, पण महेश्वर नर्मदेकाठी निमाडात आणि मांडू 600 मीटरच्या वर. उंचीच्या हिशोबाने फरक तीनेक अंशांचा, पण एप्रिलमध्ये तेवढ्यावर झोप लागते की नाही ते ठरतं. ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. मांडूत सागर तलावाजवळ मध्य प्रदेश पर्यटनचं रिसॉर्ट आहे. तिथे जेवण घ्यायचं आणि आवारात गाडी ठेवू का म्हणून विचारायचं. नाही म्हटलं तर खोली घ्यायची, त्यात कमीपणा कसला?

पावसाळ्यात रस्त्याखाली उतरूच नका. आमची काळी माती वरून सुकलेली दिसते आणि चाक टेकलं की गिळते. मग ट्रॅक्टरवाला शोधा, आणि तो सांगेल ते पैसे द्या.

दिवस कसा जातो म्हणाल, तर बराचसा पाण्याची सोय बघण्यात. आंघोळ बाहेर उरकली तर दोघांना 20 लिटर पुरतं. सकाळी पोहे बाहेरच खायचे, आत कांदा परतला की उशीला दोन दिवस वास येतो. रात्री खिचडी किंवा दूध-पोळी. पाच किलोचं सिलिंडर पुरतं, गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद, हे काम एकाच माणसाचं. आमच्याकडे ते माझं, आणि किल्ली फिरवण्याआधी ही “बंद?” असं विचारल्याशिवाय राहत नाही.

गाडीत फेरफार करण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी फाटे फोडू शकते.

आणि प्रश्नात सगळं वडिलांचंच आहे, आईंना विचारलंत का? रात्री दोनला पंपाच्या संडासापर्यंत चालत जायचं की गाडीतच पेटीचा संडास ठेवायचा आणि सकाळी तो रिकामा कोण करणार, हे गाडीचा रंग ठरवण्याआधी दोघांनी बोलून घ्यावं. पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरावरच करायला सांगा. आम्ही उज्जैनला केला होता. नाहीच जमलं तर रात्री दहालाही घरी परतता येतं.