रशिया आणि पोलंड: उपाय सारखेच, मग निकाल वेगळे का?

समाजवाद सोडून बाजाराकडे वळताना किमती मुक्त करणे आणि सरकारी मालमत्ता विकणे हे उपाय दोन्ही देशांनी थोड्याफार अंतराने केले, तरी रशियाची घडी पोलंडपेक्षा इतकी जास्त का विस्कटली, असे आपण विचारले आहे. पोलंडला मिळालेली कर्जमाफी, रशियाच्या तेलाचे भाव ही कारणे आहेतच; मला मात्र लोकांच्या अंगवळणी पडलेल्या सवयी अधिक निर्णायक वाटतात.

जानेवारी १९९२च्या अखेरीस रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी कोणालाही रस्त्यावर माल विकण्याची मुभा देणारा हुकूम काढला. त्यानंतर सुधारणांचे सूत्रधार येगोर गायदार यांना मॉस्कोच्या लुब्यांका चौकाजवळ लांबलचक रांग दिसली. काहीतरी दुर्मिळ माल आला असावा असे त्यांना वाटले, पण ती माणसे विकायला उभी होती. हातात सिगारेटची पाकिटे, लोकरीचे मोजे आणि कपड्यांना टाचलेले त्या हुकुमाचे कात्रण. स्वस्तात घेऊन महाग विकणे हा सोव्हिएत कायद्याने फौजदारी गुन्हा होता, आणि व्यापारी म्हणजे लबाड हे तीन पिढ्यांच्या मनावर बिंबले होते. म्हणून ते कात्रण.

पोलंडमध्ये समाजवाद आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तिथे सामूहिक शेती फसली आणि बहुतेक जमीन खासगी शेतकऱ्यांकडेच राहिली, त्यामुळे बाजार ही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतली गोष्ट होती. शिवाय १ जानेवारी १९९०ला सुरू झालेल्या कडक उपायांमागे सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीतून आलेले सरकार होते, म्हणून लोकांनी कळ सोसली. अर्थात फार काळ नाही. १९९३मध्ये त्यांनी जुन्या कम्युनिस्टांच्या वारसांनाच निवडून दिले.

रशियात टंचाईच्या काळात पैशापेक्षा 'ब्लात', म्हणजे आपला वशिला, मोलाचा होता आणि तो बाजार आल्यावरही संपला नाही. १९९२च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबलचे व्हाउचर, म्हणजे सरकारी कारखान्यांचे शेअर घेण्याची चिठ्ठी, मिळू लागले, पण त्याचे करायचे काय, हे ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनाच नीट ठाऊक होते. इतरांपैकी अनेकांनी ते मिळेल त्या भावाला फुंकले. कामगारांच्या हाती शेअर आले, तरी कारखान्यांवरचा ताबा बहुधा जुन्या संचालकांकडेच राहिला. कारखाना म्हणजे केवळ नोकरी नव्हती, घर, पाळणाघर आणि मुलांचे उन्हाळी शिबिरही त्याच्याच नावावर असे. त्यामुळे पगार महिनोन्महिने थकले तरी माणसे कामावर जात राहिली आणि सुटीच्या दिवशी शहराबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर बटाटे लावत राहिली.