म्युनिकमधून अमेरिकेची निवडणूक बघताय? मग सुरुवात इथून करा

नाद लागला ते छानच! पण देशभराचे जनमत कौल (कोणाला किती टक्के पाठिंबा, याच्या पाहण्या) चघळत बसू नका. 2016 साली हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली, अध्यक्ष झाले ट्रम्प. हिशोब राज्यांचा असतो: प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निवडमतं (इलेक्टोरल मतं) असतात, एकूण 538; त्यातली 270 मिळाली की जिंकलं. सध्या पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन ही अटीतटीची राज्यं एवढीच समजून घ्या. प्रायमरी-कॉकसचं (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या फेऱ्यांचं) गुऱ्हाळ नंतर.

दुसरी चूक जर्मन सवयीची. इथे रविवारी संध्याकाळी 6 ला मतदान संपतं, त्याच क्षणी टीव्हीवर अंदाज झळकतो आणि बहुतेक वेळा तो निकालाच्या जवळपास असतो. तिकडे तसं नाही. पहिली केंद्रं आपल्या मध्यरात्री बंद होतात, पेनसिल्व्हेनियातली पहाटे 2 ला. शिवाय तिथे टपाली मतं मतदानाच्या दिवशीच सकाळी 7 नंतर उघडतात. 2020 मध्ये मंगळवारच्या मतदानाचं चित्र शनिवारी स्पष्ट झालं. तेव्हा सरळ झोपा, 5 चा गजर लावा.

पासपोर्ट अमेरिकन असेल तर मात्र इथून मतही देता येतं:

- अमेरिकेत शेवटचं जिथे राहिलात, त्याच राज्यात नोंदणी.
- टपाली मतपत्रिकेचा अर्ज दरवर्षी जानेवारीत नव्याने. हे सगळेच विसरतात!