कमी डोसला पी 0.04 आला, तर तोच किमान प्रभावी डोस म्हणायचा का?

तुमचा प्रयोग असा: उंदरांच्या पंजाची सूज, एक कंट्रोल (औषध न दिलेला गट), 50, 100, 200 आणि 400 मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. हे डोस, गटात 6 उंदीर. कंट्रोलशी एकेक टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) केल्यावर 100 ला पी, म्हणजे औषध लागू नसतानाही निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, 0.04, 200 ला 0.07, 400 ला 0.01. आता किमान प्रभावी डोस 100 लिहायचा का?

नका लिहू. नाशिकमध्ये एम. फार्म.च्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्यामुळे असे तक्ते माझ्याकडे सारखे येतात. औषध अजिबात लागू पडत नसलं तरी चार टेस्टमध्ये एखादा खोटा 'सिग्निफिकंट' (पी 0.05 च्या, म्हणजे 5 टक्क्यांच्या खाली) निघण्याची शक्यता, टेस्ट स्वतंत्र धरल्या तर, सुमारे 18.5 टक्के होते. कंट्रोल एकच असल्याने ती थोडी घटते, पण 5 वर येत नाही.

साधा उपाय म्हणजे वरून खाली उतरणं. आधी 400 तपासा. तो पास झाला तरच 200, मग 100. जिथे पहिल्यांदा अडलात तिथेच थांबायचं. प्रत्येक पायरीला पूर्ण 5 टक्के वापरता येतात. तुमच्या आकड्यांत 200 लाच अडतो, म्हणून 100 चा 0.04 मोजायचाच नाही. उत्तर 400.

मात्र दोन-दोन गटांची टी-टेस्ट करू नका. पाचही गटांचा मिळून व्हेरिअन्स (गटातल्या आकड्यांची पसरण) काढलात तर 10 ऐवजी 25 डिग्रीज ऑफ फ्रीडम मिळतात, म्हणजे त्या अंदाजामागे जास्त माहिती असते. इतक्या कमी उंदरांत हा फरक मोठा आहे, 200 चा निकालही बदलू शकतो.

1971 सालची विल्यम्स टेस्ट याच कामासाठी आहे. डोस वाढला की परिणाम घटत नाही, असं ती धरते. 100 ची सरासरी 200 पेक्षा सरस आली तर दोन्हींची मिळून एकच सरासरी घेते. पण हे गृहीत औषधाला लागू आहे का, ते आधी बघा. आमच्या द्राक्षबागेत जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक) प्रमाणाबाहेर गेलं की घडाचे देठ जाड होऊन बसतात; जास्त म्हणजे चांगलं असं तिथे चालत नाही. शंका असेल तर 1955 ची डनेट टेस्ट घ्या; ती प्रत्येक डोसची कंट्रोलशी तुलना करते आणि अनेक तुलनांचा हिशेब धरते, तिला चढता क्रम लागत नाही.

टेस्ट कोणती, हे आकडे बघण्याआधी ठरायला हवं होतं. आता जी निवडाल ती नंतर निवडली, असं प्रबंधात स्पष्ट लिहा. आणि '200 निष्प्रभ' असं लिहू नका. 6 उंदरांत तो सिद्ध झाला नाही, एवढंच.